क्रेट, तोडा आणि दोन रेषा

जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या टोमॅटो बाजारात २०२३ च्या जुलै महिन्यात वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या पुढे भाव मिळाला. टोमॅटोने शेतकऱ्यांना लखपती, कोट्यधीश केल्याच्या बातम्या त्या महिन्यात देशभर झळकल्या. सप्टेंबर उजाडेपर्यंत राज्यातल्या अनेक बाजारांत तोच क्रेट शंभर रुपयांच्या आसपास आला. मग दुसऱ्या प्रकारच्या बातम्या सुरू झाल्या. कुठे माल रस्त्यावर ओतला, कुठे बागेत जनावरं सोडली, कुठे उभ्या पिकावर ट्रॅक्टर फिरवला.

अशा बातम्या वाचून शहरातला माणूस हळहळतो आणि थोडा चिडतोही. एवढा खर्च करून पिकवलेला माल कुणी टाकून देतं का? मिळेल त्या भावाला विकला असता तर चार पैसे तरी आले नसते का? दुसऱ्या बाजूला गावातही एक प्रश्न दर हंगामात विचारला जातो: भाव पडलाय, पण आता एवढा खर्च झालाच आहे, तर पुढचा तोडा करायचा की नाही?

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर महाराष्ट्रातल्या दहावीच्या गणिताच्या पुस्तकात आहे, तेही पहिल्याच प्रकरणात. 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' हे त्या प्रकरणाचं नाव. मुलं त्यात आलेख काढतात, दोन रेषांचा छेदनबिंदू शोधतात, त्यावर गुण मिळवतात आणि परीक्षा संपली की आलेखाची वही माळ्यावर टाकतात. जुन्नर आणि आंबेगावच्या शाळांत बसणाऱ्या अनेक मुलांच्या घरी याच आलेखावर वर्षाची कमाई ठरते. तरीही वर्गातला आलेख आणि घरचा क्रेट यांची गाठ सहसा पडत नाही. ती पाडून देणं अवघड नाही आणि त्यासाठी नवं पुस्तकही लागत नाही.

आधी वाहनाचं भाडं

सुरुवात सोप्या हिशोबाने करू. माल बाजारात न्यायचे दोन मार्ग आहेत असं समजा. शेजाऱ्याच्या गाडीत क्रेट टाकले तर क्रेटमागे २५ रुपये पडतात. स्वतःसाठी पूर्ण पिकअप ठरवला तर एका खेपेचे १,५०० रुपये, मग क्रेट कितीही असोत. (इथले आणि पुढचे हिशोबाचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतले आहेत. प्रत्येक गावाचे, प्रत्येक हंगामाचे आकडे वेगळे असतात.)

आडव्या अक्षावर क्रेटची संख्या आणि उभ्या अक्षावर रुपये घेतले, की पहिल्या मार्गाची रेषा शून्यापासून निघून वर चढत जाते. दहा क्रेटला २५०, चाळीस क्रेटला १,०००. दुसऱ्या मार्गाची रेषा १,५०० च्या उंचीवर आडवी पडून राहते. दोन्ही रेषा ६० क्रेटवर एकमेकींना छेदतात. माल ६० क्रेटपेक्षा कमी असेल तर शेजाऱ्याची गाडी स्वस्त, जास्त असेल तर स्वतःचा पिकअप स्वस्त.

एवढ्यात तीन गोष्टी समजतात. रेषा उभ्या अक्षावर जिथून सुरू होते, ती उंची म्हणजे काही न करता अंगावर पडणारा स्थिर खर्च. रेषा जेवढी तिरपी, तो तिचा चढ, म्हणजे प्रत्येक जादा क्रेटमागे वाढणारा खर्च. आणि छेदनबिंदू म्हणजे निर्णय बदलण्याची जागा. पुस्तकात याच गोष्टी असतात, फक्त तिथे क्रेटऐवजी क्ष आणि रुपयांऐवजी य असतो.

बागेचा आलेख

आता एक एकर टोमॅटोचा हिशोब घेऊ. रोपं, मल्चिंग पेपर, ठिबक, खतं, बांबू, तार, सुतळीने बांधणी, फवारण्या आणि या सगळ्याची मजुरी धरून पहिला तोडा होईपर्यंत दीड लाख रुपये खर्च झाला असं समजा. तोडणीपासून पुढे प्रत्येक क्रेटला तोडणीची मजुरी, वाहतूक, हमाली वगैरे मिळून ६० रुपये लागतात. म्हणजे क्रेटची संख्या क्ष असेल, तर एकूण खर्च य = १,५०,००० + ६०क्ष. ही खर्चाची रेषा. ती दीड लाखाच्या उंचीवर सुरू होते आणि क्रेटमागे ६० रुपयांनी चढते.

क्रेटला २१० रुपये भाव मिळाला, तर उत्पन्नाची रेषा य = २१०क्ष. ती शून्यातून निघते, पण जास्त वेगाने चढते. प्रत्येक क्रेट ६० रुपये घेतो आणि २१० देतो, म्हणजे दीडशे रुपये स्थिर खर्चाची भरपाई करतात. दीड लाख भागिले दीडशे, म्हणजे एक हजार क्रेट. हजाराव्या क्रेटवर दोन्ही रेषा २,१०,००० रुपयांना भेटतात. तिथे नफा नाही, तोटा नाही. त्यापुढचा प्रत्येक क्रेट घरात दीडशे रुपये आणतो.

भाव १६० वर आला, की छेदनबिंदू १,५०० क्रेटवर सरकतो. ११० वर आला, की ३,००० क्रेटवर जातो, म्हणजे एकरी साठ टनांवर. शेतातून १,५०० क्रेट निघणार असतील, तर हा छेदनबिंदू कागदावर राहतो, शेतात येत नाही. त्या भावात तोटा ठरलेला आहे.

पण तोटा ठरलेला आहे म्हणून तोडा थांबवायचा का? इथे आलेख काळजीपूर्वक वाचावा लागतो. ११० च्या भावाने १,५०० क्रेट विकले तर उत्पन्न १,६५,००० आणि एकूण खर्च २,४०,०००. तोटा ७५ हजार. एकही क्रेट तोडला नाही तर तोटा पूर्ण दीड लाख. म्हणजे तोट्यातला तोडासुद्धा तोटा निम्म्यावर आणतो. 'परवडत नाही' असं म्हणून या टप्प्यावर बाग सोडून देणारा शेतकरी ७५ हजार रुपये शेतात सोडतो.

भाव बरोबर ६० वर आला, की दोन्ही रेषा समांतर होतात. कितीही क्रेट तोडले तरी दोन रेषांमधलं अंतर दीड लाखच राहतं. आणि भाव ४० झाला, की उत्पन्नाची रेषा खर्चाच्या रेषेपेक्षा कमी चढते. प्रत्येक क्रेटबरोबर अंतर २० रुपयांनी वाढतं. १,५०० क्रेट तोडले तर तोटा १,८०,००० होतो. काही न करता घरी बसलं असतं तर तो दीड लाखावर थांबला असता.

बागेत जनावरं सोडणारा शेतकरी बहुतेक वेळा याच जागी उभा असतो. बाहेरून पाहणाऱ्याला ते वाया घालवणं वाटतं. आलेखावर ते नुकसान वाढू न देणं आहे. ग्राहकाच्या हातात टोमॅटो दहा-पंधरा रुपये किलोने पडत असला, तरी शेताच्या बांधावर भाव तोडणीच्या खर्चाखाली गेला की तो माल जागीच संपतो. त्यात आळस नाही आणि माजही नाही.

'परवडतं' या एका शब्दात दोन प्रश्न

मराठीत आपण दोन वेगळ्या प्रश्नांसाठी 'परवडतं का' हा एकच शब्द वापरतो. पहिला प्रश्न लागवडीआधीचा: हे पीक लावायला परवडेल का? त्याचं उत्तर छेदनबिंदू देतो. अपेक्षित भावाला तो आपल्या शेतातून खरोखर निघणाऱ्या मालाच्या आत पडतो की बाहेर, ते पाहायचं. वरच्या उदाहरणात १,५०० क्रेट निघणार असतील तर सरासरी १६० रुपये भाव मिळायला हवा.

दुसरा प्रश्न तोडणीच्या आदल्या संध्याकाळचा: उद्याचा तोडा परवडेल का? त्याचं उत्तर फक्त चढात आहे. भाव साठाच्या वर की खाली, एवढंच बघायचं. या प्रश्नात दीड लाखाला जागा नाही. ते तोडलं तरी गेले, नाही तोडलं तरी गेले.

हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की दोन प्रकारच्या चुका होतात. एक म्हणजे १६० च्या खाली भाव गेला म्हणून चांगला माल सोडून देणं. दुसरी, जास्त महागात पडणारी, म्हणजे 'आता एवढा घातलाच आहे' म्हणून भाव चढाच्या खाली गेल्यावरही आणखी फवारण्या, आणखी खत, आणखी उधारी करत राहणं. गेलेले पैसे परत आणायच्या ओढीने माणूस जवळचे पैसेही घालवतो. ही ओढ शेतीपुरती नाही. आजारी धंदा चालवणारा दुकानदार आणि खर्च झाला म्हणून फसलेला प्रकल्प रेटणारं सरकार, दोघेही त्याच ओढीने चालतात.

शेतकऱ्याला हिशोब येत नाही, असा याचा अर्थ नाही. बाजाराची पट्टी हातात पडली की बहुतेक जण मनातल्या मनात हा हिशोब करतातच. पण मनातल्या हिशोबात गेलेला खर्च आणि पुढचा खर्च एकमेकांत मिसळतात, त्यात कर्जाची धास्ती आणि शेजाऱ्याच्या भावाची ईर्षा येऊन पडते. कागदावर दोन रेषा काढल्या, की कुठला पैसा गेला आणि कुठला अजून हातात आहे, हे वेगळं दिसतं. आलेखाचा उपयोग तेवढाच आहे, आणि तो पुरेसा मोठा आहे.

उंचीत काय धरायचं, चढात कुणाची मजुरी

हिशोब मांडायला घेतला की पहिलाच वाद दीड लाखात काय काय धरायचं यावर होतो. घरच्या बाईने केलेली बांधणी, मुलाने सुट्टीत केलेली फवारणी, स्वतःच्या जमिनीचा खंड, ठिबकसाठी आधी गुंतवलेल्या पैशाचं व्याज, यांचं काय? केंद्राचा कृषी मूल्य आयोग पिकांचा खर्च काढताना हेच प्रश्न सोडवतो. एका मोजमापात फक्त खिशातून गेलेला खर्च, दुसऱ्यात त्यावर घरच्या माणसांची मजुरी, तिसऱ्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याजही. हमीभावावरचा वाद बराचसा या तीन उंचींमधल्या फरकाचा आहे. रेषा तीच, चढ तोच, फक्त ती किती उंचावरून सुरू करायची यावर सारं भांडण. टोमॅटोला तर हमीभावच नाही, त्यामुळे ही उंची मोजायची जबाबदारी पूर्णपणे शेतकऱ्याच्या घरावर येते. बहुतेक घरांत ती कमी मोजली जाते, कारण घरच्यांचे श्रम वहीत लिहिले जात नाहीत.

चढाकडेही नीट पाहायला हवं. क्रेटमागच्या त्या ६० रुपयांतला मोठा भाग तोडणीच्या मजुरीचा असतो. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातून बागायती भागात कामाला येणाऱ्या आदिवासी बायकांचं पोट त्या चढावर चालतं. भाव पडला की 'चढ कमी करा' हा सल्ला आलेखावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात तो कुणाची तरी हजेरी कमी करा असा असतो. बाग सोडून दिली जाते तेव्हा शेतकऱ्याचा तोटा थांबतो, पण मजुराचा तेव्हाच सुरू होतो. भाव कोसळल्यावर मदतीची चर्चा होते, तेव्हा हा दुसरा तोटा कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

रेषा कुठे वाकते

सरळ रेषा हे सोयीचं चित्र आहे, शेत त्याच्याइतकं सरळ नसतं. पिकअपचं भाडं क्रेटगणिक वाढत नाही, खेपेगणिक वाढतं, त्यामुळे खर्चाच्या रेषेला पायऱ्या पडतात. शेवटच्या तोड्यांना झाडावर माल विरळ असतो. तेवढाच क्रेट भरायला जास्त वेळ लागतो आणि रेषा वर वाकते. दोन तोड्यांच्या मधली फवारणी ही गेलेला खर्च नव्हे, ती पुढच्या तोड्याचा नवा खर्च आहे, म्हणून ती दर वेळी नव्याने धरावी लागते.

सगळ्यांत मोठी अडचण उत्पन्नाच्या रेषेची. तिचा चढ म्हणजे भाव, आणि तो शेतकऱ्याच्या हातात नाही. लागवडीच्या दिवशी एक रेषा काढता येत नाही. कमी भावापासून जास्त भावापर्यंत अनेक रेषांचा एक पंखाच काढावा लागतो. जुलै २०२३ आणि सप्टेंबर २०२३ या पंख्याची दोन टोकं होती. जुलैची एकच रेषा डोळ्यांसमोर ठेवून लागवड करणं हा जुगार आहे. सगळ्या गावाने तसं केलं, तर दोन-तीन महिन्यांनी भाव पडायला तेच कारण पुरतं.

आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर खरिपात बटाटा होतो आणि तिथे करार शेतीही चालते. करारात दर आधी ठरतो, म्हणजे पंख्यातली एक रेषा पेरणीआधीच पक्की होते. बाजार चढला की शेतकऱ्याला चुटपुट लागते, बाजार पडला की हायसं वाटतं. पण सही करण्याआधी विचारायचा प्रश्न यांपैकी कुठलाच नाही. करारातल्या दराची रेषा खर्चाच्या रेषेला आपल्या शेतातून निघणाऱ्या उत्पादनाच्या आत छेदते का, हा तो प्रश्न. बटाट्याला बियाण्याचाच खर्च मोठा असतो, म्हणजे रेषा उंचावरून सुरू होते. त्यात प्रतवारीत नाकारला जाणारा माल वजा करून मगच उत्पादन धरायला हवं. दहावी शिकलेली मुलगी हा आलेख अर्ध्या तासात काढू शकते. कराराचा कागद वाचताना ती शेजारी बसली, तर वडिलांना मोठा आधार होईल.

वर्गात काय करता येईल

बीजगणित आणि व्यवहार यांची ही जोडी आपल्याकडे नवी नाही. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या 'बीजगणित' ग्रंथात एक उदाहरण आहे. एकाकडे तीनशे नाणी आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याकडे दहा घोडे आहेत, पण डोक्यावर शंभर नाण्यांचं कर्ज आहे. घोड्यांची किंमत सारखी आणि दोघांची संपत्तीही सारखी, तर एका घोड्याची किंमत किती? उत्तर शंभर. आलेखावर या दोन रेषाच आहेत. एक तीनशेच्या उंचीवरून निघते, दुसरी शून्याच्या शंभर खालून, पण जास्त चढाने. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी गणित शिकवणाऱ्याला कर्ज आणि घोड्यांचा बाजार उदाहरणात घ्यावासा वाटला. जुन्नर तालुक्यातल्याच नाणेघाटात सातवाहनांच्या लेण्यात दानाच्या गायी, घोडे आणि नाणी मोजणारा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यातली संख्याचिन्हं भारतातल्या सर्वांत जुन्या संख्याचिन्हांत गणली जातात. संख्या या भागात आल्या त्या व्यवहाराच्या वाटेनेच.

आज त्याच तालुक्यात खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथलं प्रदर्शन पाहायला शाळांच्या रांगा लागतात. मुलांनी आकाश पाहावंच. पण परतीच्या वाटेवर दिसणाऱ्या टोमॅटोच्या बागेतही विज्ञान आहे, हे त्यांना कुणीतरी दाखवायला हवं.

त्यासाठी लागेल एक तास. शिक्षकांनी फळ्यावर त्या दिवसाचा नारायणगावचा किंवा मंचरचा बाजारभाव लिहावा. मुलांनी घरी विचारून दोन आकडे आणावेत: तोड्याआधीचा एकूण खर्च आणि तोड्यानंतर क्रेटमागचा किंवा पिशवीमागचा खर्च. नावं लिहायची गरज नाही, कुणाचं कर्ज वर्गात उघडं पडता कामा नये. मग खर्चाची एक रेषा आणि कमी, मध्यम, चांगल्या भावाच्या तीन रेषा. शेवटी दोन प्रश्न: लावायला परवडेल का, आणि उद्या तोडायला परवडेल का? ज्यांच्या घरी शेती नाही त्यांनी तोडणीच्या मजुरीचा आलेख काढावा. त्यांच्यासाठी तोच चढ उत्पन्नाची रेषा आहे.

हीच जबाबदारी शाळेबाहेरही वाटून घेता येईल. बाजार समित्या रोज किमान आणि कमाल दर जाहीर करतात. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांनी त्या दरांशेजारी हंगामाच्या सरासरी तोडणी आणि वाहतूक खर्चाचा आकडा लावला, तर 'उद्याचा तोडा' हा निर्णय निम्मा सोपा होईल. सरकारने मदत जाहीर करताना केवळ पडलेला भाव पाहून न थांबता तोडणीआधी बुडालेला खर्च आणि थांबलेली मजुरी दोन्ही धरली, तर मदत योग्य जागी पोहोचेल.

आलेखाने टोमॅटोचा भाव वाढणार नाही. शीतगृह, प्रक्रिया उद्योग, आयात-निर्यातीची धोरणं यांची कामं त्यांनीच करायला हवीत आणि त्यांच्याकडून ती मागत राहायला हवं. पण पडत्या भावाच्या संध्याकाळी घरात जी चर्चा होते, तिच्यात ही वही उपयोगी पडेल. "आबा, उद्याचा तोडा करायचा," किंवा "आबा, आता थांबायचं," यांतलं एक वाक्य मुलगी कारणासह सांगू शकली, तर दहावीच्या पहिल्या प्रकरणाचं काम झालं.